तीनशे शब्दांच्या पुढे

१

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या गाडीने पुण्याहून चिंचवडला जात होतो. पुण्यातल्या एका कॉलेजाने तिथे मराठी शॉर्टहँडचा वर्ग काढला होता. सरकारी कारभार आता मराठीतून चालणार अशी हवा होती, पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला होता, आणि आसपासच्या गावांतल्या मुलांना खुर्चीवर बसून करायच्या नोकऱ्या पहिल्यांदाच दिसू लागल्या होत्या. मी मूळचा बीडकडचा. निजामाच्या अमदानीत एका वकिलाकडे शॉर्टहँड शिकलो, पुढे पुण्याला येऊन सरकारी कचेरीत लघुलेखक झालो. कचेरी अकराची, वर्ग सात ते साडेआठ, त्यामुळे दोन्ही जमत होतं. कॉलेजाच्या पत्रांत माझा उल्लेख ‘श्री. उद्धवराव, अर्धवेळ शिक्षक’ असा असे आणि तो वाचून मला बरं वाटे.

वर्गाची जागा म्हणजे लष्कराने लढाईनंतर सोडून दिलेली एक बराक. लांबलचक, अरुंद, वर पत्रा. दार एकच, आणि तेही मागच्या टोकाला. समोरच्या टोकाला फळा आणि माझं टेबल. मध्ये बाकांच्या दोन रांगा, आणि त्यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. लढाईच्या काळात खिडक्यांच्या काचांना फासलेला काळा रंग कुणी पुरता खरवडला नव्हता, म्हणून सकाळी सातलाही आत दिवा लावावा लागे.

विद्यार्थी अकरा. दहा मुलगे आणि एक मुलगी. मुलगी म्हणजे तळवड्याची शकू. तिचे वडील बबनराव पिंपरीच्या कॉलनीत दुधाचा रतीब घालत. सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकवलेल्या आणि मागे कॅरिअरवर पोर, अशी त्यांची स्वारी सातच्या आत येई. वर्गात ती एकटीच मुलगी, म्हणून तिसऱ्या बाकावर एकटी बसे. मुलग्यांत ज्योतीराम पुढे होता. सोलापूरकडचा. कारखान्यात रात्रपाळी करून थेट वर्गाला यायचा. डोळे लाल, पण हात सगळ्यांत जलद.

शिकवण्याची रीत ठरलेली. डाव्या हातात पुस्तक, टेबलावर खिशातलं घड्याळ. मिनिटाला साठ शब्द, पाच मिनिटं, तीनशे शब्द. पुस्तकात दर पंधरा शब्दांनंतर एक तिरकी रेघ मारलेली असे. त्या रेघेपाशी पोचेपर्यंत काटा पाव मिनिट सरकलेला असला पाहिजे. मी सांगायचं, मुलांनी खुणांत उतरवायचं, आणि मग त्याच खुणा वाचून साध्या अक्षरांत उतारा लिहून द्यायचा. एक नियम मी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. सांगणं चालू असताना वर बघायचं नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की हात मागे पडतो.

मुलं हा नियम फार चांगला पाळत.

२

उतारे तपासण्याचं काम घरी, संध्याकाळचा चहा झाला की. माझी बायको सुभद्रा मुलांचा कागद मोठ्याने वाची आणि मी पुस्तकावर बोट ठेवून ऐके. चुकलेला शब्द, गाळलेला शब्द, जादा घातलेला शब्द, प्रत्येकाची एक चूक. पंधरा चुकांपर्यंत पास.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या मंगळवारचा उतारा सिमेंटच्या व्यापाऱ्याचं पत्र होता. सुभद्रा वाचत होती.

“‘आपण पाठविलेला माल मिळाला. सर्वांनी खाली मान ठेवावी. पोत्यांपैकी चार पोती भिजलेली...’ अहो, सिमेंटवाला कुणाला मान खाली घालायला सांगतोय?”

“पुन्हा वाच.”

तिने वाचलं. पुस्तकात ते वाक्य नव्हतं.

“कुणीतरी चावटपणा केलाय,” मी म्हणालो. “कुणाचा आहे कागद?”

“ज्योतीरामचा.”

ज्योतीराम चावटपणा करणाऱ्यातला नव्हता. तिने दुसरा कागद घेतला. त्यातही तेच होतं. तिसऱ्यातही. अकराच्या अकरा कागदांत, ‘मिळाला’ आणि ‘पोत्यांपैकी’ यांच्या मध्ये, तेच चार शब्द.

“तुम्हीच बोलला असाल मधेच,” सुभद्रा म्हणाली. “आणि पोरांनी लिहून घेतलं.”

मला ते पटलं. मुलं कसलेली नसली की कानावर पडेल ते सगळं उतरवतात. एकदा माझा खोकलाही एकाने लिहिला होता. मी प्रत्येकाच्या नावावर चार चुका मांडल्या आणि कागद बांधून ठेवले. फक्त एक गोष्ट मनात राहिली. मी मुलांना दटावतो तेव्हा ‘मान खाली!’ एवढंच म्हणतो. ‘सर्वांनी’ आणि ‘ठेवावी’ ही कचेरीतली भाषा झाली. तशी भाषा मी तोंडाने कधी वापरत नाही.

३

शुक्रवारी मी वर्गात विचारलं.

ज्योतीराम उभा राहिला. “सर, तुम्हीच सांगितलं.”

“पत्राच्या मधेच?”

“हो. मलाही जरा वाटलं. पण तुम्हीच सांगता ना सर, अर्थ बघायचा नाही, ऐकू येईल ते लिहायचं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शकूने डोलावली नाही. ती पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपत होती.

मी विषय वाढवला नाही. नवा उतारा काढला आणि सांगायला लागलो. त्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं, घड्याळावर आणि स्वतःवर. दर रेघेला काटा बरोबर होता. पहिलं मिनिट, दुसरं मिनिट. तिसऱ्या मिनिटात एका पूर्णविरामापाशी मी श्वास घेतला आणि पुढचं वाक्य उचललं. त्यानंतरच्या रेघेपाशी काटा नऊ सेकंद पुढे होता.

नऊ सेकंद ही काही मोठी गोष्ट नाही. पण वीस वर्षं ज्याने हेच काम केलंय त्याच्या तोंडात एक घड्याळ बसलेलं असतं. मी थांबलो होतो तो एका श्वासापुरता. नऊ सेकंद किती लांब असतात ते कुणीही गप्प उभं राहून मोजून पाहावं.

संध्याकाळी सुभद्राने वाचलं, “‘सर्वांनी खाली मान ठेवावी. मी बाकांच्या मधून येत आहे.’”

ती वाचायची थांबली. मी शब्द मोजले. नऊ होते.

“तुम्ही वर्गात फिरता का हो सांगताना?” तिने विचारलं.

“नाही. पुस्तक आणि घड्याळ सोडून कसा फिरेन?”

अकराही कागदांत तेच होतं. नऊ शब्द, नऊ सेकंद, मिनिटाला साठच्या बरोबर गतीने. जो कोणी बोलत होता तो माझ्याच गतीने बोलत होता.

४

मी डॉक्टरकडे गेलो. उभ्याउभ्या क्षणभर शुद्ध हरपण्याचा एखादा आजार असतो असं ऐकलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि झोप पुरी घ्या म्हणून सांगितलं. मग मी कॉलेजात जाऊन जागा बदलून मागितली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. तिथल्या कारकुनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी कारण सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही.

दुसरा कुणी असता तर सोडून आला असता. मी आलो नाही याचं कारण सांगायला लाज वाटते. मला वाटलं, ही चूक माझी आहे असं ठरलं तर पुन्हा कुणी मला शिकवायला बोलावणार नाही.

पुढच्या मंगळवारी सांगता सांगता माझ्या नजरेच्या कडेला काहीतरी हललं. बाकी सगळ्या टाळक्यांमध्ये एक चेहरा वर झालेला. शकू. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिची नजर तिच्या उजव्या हाताला होती, बाकांमधल्या वाटेत, उभ्या माणसाचा चेहरा जिथे असेल तेवढ्या उंचीवर. वाट रिकामी होती. मी पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा पाहिलं तेव्हा तिने मान इतकी खाली घातली होती की कपाळ बाकाला टेकलं होतं.

त्या संध्याकाळी दहा कागदांत हे वाक्य होतं: ‘तिसऱ्या बाकावरील मुलीने वर पाहिले आहे. तिने पुन्हा तसे करू नये.’

शकूचा कागद त्या जागेपर्यंत आला होता आणि पुढे कोरा होता.

सुभद्राने कागद खाली ठेवले. “मी नाही वाचणार हे आता,” ती म्हणाली, आणि देवापाशी दिवा लावायला उठून गेली.

५

शकू शुक्रवारी आली नाही. त्यापुढच्या मंगळवारीही नाही. दूध घेऊन बबनराव मात्र कॉलनीत येऊन गेले, असं बराकीवरचे शिपाई सोपानराव म्हणाले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भाड्याची सायकल घेऊन तळवड्याला गेलो.

भर दुपार होती. घरापुढे कांदा वाळत पडला होता. बबनरावांनी घोंगडी अंथरली, शकूच्या आईने, गवराबाईंनी, गुळाचा चहा ठेवला.

“मास्तर, तुमीच समजवा तिला,” बबनराव म्हणाले. “खेडच्या मामलेदार कचेरीत शब्द टाकलाय. सर्टिफिकीट आलं की घेतो म्हणाल्यात. न्हाईतर मंचरचं स्थळ आलंय, चैतात उडवून दिऊ बार. तीच म्हणत हुती शिकीन म्हणून. आन् आता घरातनं पाय काढंना.”

“पोर झोपंत दचकती,” गवराबाई आतून म्हणाल्या.

मी शकूशी गोठ्याच्या पडवीत बोललो. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

“सर, माझे मार्क कापले का?”

“ते राहू दे. तू काय पाहिलंस?”

ती म्हशीच्या अंगावरचं गवत वेचू लागली.

“तुमचा आवाज माझ्या बाकापाशी आला,” ती म्हणाली. “रोजच यायचा मधी. आमाला वाटायचं तुमी हिंडताय. त्या दिशी लई जवळ आला, कानापाशी. म्हणून म्या आधी टेबलाकडं बघितलं. तुमी तिथंच हुता. त्वांड मिटून. घड्याळाकडं बघत हुता. आन् आवाज चाललाच हुता.”

“मग?”

“मग म्या बाजूला बघितलं.”

“काय होतं?”

“अंगरखा हुता.” तिने माझ्या छातीकडे बोट केलं. “ह्योच. ह्या वरच्या गुंडीला काळा दोरा हाय, तसाच काळा दोरा. वर नजर न्यायच्या आधी म्या डोळं मिटलं.”

मी माझ्या शर्टाच्या गुंडीकडे पाहिलं. पांढरा दोरा संपला म्हणून सुभद्राने ती काळ्याने शिवली होती.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. पोरीला सांगायला हवं होतं की बाई, तू घरीच राहा. पण तिच्या डोळ्यांत मंचरचं स्थळ दिसत होतं, आणि माझ्या मनात दुसरंच होतं. अकरांपैकी हिने एकटीने ते पाहिलं होतं. ती नसती तर त्या खोलीत मी एकटा पडलो असतो.

“परीक्षेला ये,” मी म्हणालो. “मी कुठेतरी थांबतो तेव्हाच ते होतं. परीक्षेला मी थांबणारच नाही. एका दमात तीनशे शब्द सांगीन. जागाच ठेवणार नाही.”

“खरंच न्हाई थांबणार?”

“नाही थांबणार.”

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “बरं. येते.”

६

परीक्षा मार्चच्या शेवटच्या मंगळवारी होती. आठवडाभर मी घरी तो उतारा म्हणत होतो. पूर्णविरामाला न थांबता, वाक्याच्या पोटात कुठेतरी चोरून श्वास घ्यायचा. सुभद्रा म्हणे, तुम्हाला ताप आलाय.

सकाळी सातला अकराही जण आले. बबनराव दारापर्यंत शकूला सोडून गेले. सोपानरावांनी दार लावून घेतलं. मी घड्याळ मांडलं, पुस्तक उघडलं आणि सुरुवात केली.

मी थांबलो नाही. पहिल्या मिनिटाला काटा बरोबर. दुसऱ्याला बरोबर. तिसऱ्याला घसा कोरडा पडला, पण बरोबर. चौथ्या मिनिटाला मला हसू फुटेल की काय असं वाटलं, इतकं सगळं सुरळीत होतं. खाली वाकलेली अकरा डोकी, आणि पेन्सिलींची ती पावसाळी किड्यांसारखी बारीक कुरकुर. पाच मिनिटं झाली. ‘कळावे’ हा तीनशेवा शब्द. मी पुस्तक मिटलं.

पेन्सिली थांबल्या नाहीत.

मला वाटलं, मागे पडलेले गाठताहेत. सगळ्या परीक्षांत होतं ते. मी काट्याकडे पाहत राहिलो. दहा सेकंद. वीस. ज्योतीरामने कागद उलटून पाठकोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. त्याच क्षणी सगळ्यांनी कागद उलटले.

“पुरे,” मी म्हणालो. “पेन्सिली खाली.”

कुणी मान वर केली नाही. मला माझा आवाज ऐकू आला, पण त्या खोलीत तो कुणाच्या कानी पोचत नव्हता; त्यांचे कान दुसरीकडे लागले होते. मी ऐकायचा प्रयत्न केला. जीव कानांत आणून ऐकलं. पत्र्यावर एक कावळा चालत होता. मालगाडी गेली. बाकी काहीही नव्हतं, आणि दहा हात मिनिटाला साठ शब्दांनी लिहीत होते.

दहा. अकरावी पेन्सिल बाकावर पडली होती. शकूने दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. फक्त माझ्याकडे. उजवीकडे नजर जाऊ नये म्हणून तिने मान ताठ धरली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

टेबलापासून तिसऱ्या बाकापर्यंत सात-आठ पावलं असतील. ती मला त्याच वाटेने चालायची होती. मी निघालो. वाट रिकामी होती, हे मी शपथेवर सांगेन. तरी दुसऱ्या बाकापाशी मी अंग चोरलं, गर्दीत समोरून येणाऱ्याला वाट देताना चोरतो तसं. का चोरलं ते मला माहीत नाही. माझ्या बाहीला काही लागलं की नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही.

मी शकूचा हात धरला, तिचा कागद उचलला, आणि आम्ही दोघं मागच्या दाराने बाहेर आलो.

७

बाहेर ऊन होतं. रस्त्याने चाकणकडच्या कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या. शकू पायरीवर बसली. तिचा हात माझ्या हातातून सुटेना, मग एकदम सुटला.

सोपानराव लिंबाखाली तंबाखू मळत होते. “काय झालं, सर? पोरीला भोवळ आली?”

“हो,” मी म्हणालो. “तिला इथेच बसून उतारा लिहू दे.”

शकूने लिहिला. पायरीवर, सोपानरावांनी दिलेली पाटी कागदाखाली धरून, माझ्या पेन्सिलीने तिने आपल्या खुणा वाचून तीनशे शब्द लिहून काढले. बाकीचे दहा आत होते. दार लोटलेलं होतं. नियमाप्रमाणे उतारा लिहायला एक तास असतो. त्या तासात मी आत गेलो नाही. सोपानराव पाण्याची कळशी घेऊन दाराशी गेले, फटीतून डोकावले आणि परत आले.

“शांत लिवत्यात,” ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून कपाळाला आठी घातली, काहीतरी विचारायचं होतं ते विचारलं नाही, आणि लिंबाखाली जाऊन बसले.

तास संपल्यावर तेच आत जाऊन कागद घेऊन आले. मुलं एकेक करून बाहेर पडली. हसतबोलत, परीक्षा संपली की मुलं पडतात तशी. सगळ्यांत शेवटी ज्योतीराम. मला पायरीपाशी पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. मागे वळून त्याने खोलीत पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“सर,” तो म्हणाला, “तुम्ही बाहेर कधी आलात?”

८

कागद तीन दिवस तसेच पडले होते. चौथ्या दिवशी कॉलेजातून निरोप आला, तेव्हा मी सुभद्राला हात जोडले. ती बसली.

शकूचा कागद आधी वाचला. तीनशे शब्दांत सहा चुका. पास.

मग ज्योतीरामचा. उतारा बिनचूक होता. ‘कळावे’ आलं, आणि सुभद्रा पुढे वाचत राहिली. तिचा आवाज हळूहळू बसत गेला.

“‘शिक्षकांनी पुस्तक मिटले आहे. त्यांच्या कपाळावर घाम आहे. ते ऐकण्याचा प्रयत्न करीत आहेत. सर्वांनी कागद उलटावा. मुलीने कान झाकले आहेत. शिक्षक टेबलापासून निघाले आहेत. ते मला वाट देत आहेत. ती दोघे बाहेर गेली आहेत. आता सर्वांनी वर पाहावे.’”

तिथे कागद संपत होता. दहाही कागद तिथेच संपत होते.

“आणि त्यांनी पाहिलं?” सुभद्राने विचारलं.

मी लाल पेन्सिल हातात घेऊन बसलो होतो. नियम साधा होता. पंधरावर जादा शब्द, नापास. दहाही जण नापास होत होते. नापास झाले तर जूनमध्ये फेरपरीक्षा, त्याच बराकीत, आणि उतारा सांगायला मी. ते दहा जण पुन्हा त्या बाकांवर बसतील, आणि आता त्यांना माहीत असेल वर काय बघायचं ते.

पास केले तर ते जातील. पुणे, खेड, मुंबई, जिथे कागद लागेल तिथे. कुठल्यातरी साहेबासमोर वही घेऊन बसतील.

मी ‘कळावे’ या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि त्यापुढचं सगळं ‘कच्चे लिखाण’ म्हणून सोडून दिलं. दहाही पास केले. ज्योतीरामला पहिला वर्ग मिळाला. त्याच टपालाने मी राजीनामा पाठवला.

हे मी भीतीने केलं. मुलांचं भलं होईल म्हणून केलं असं मी आजवर दोघातिघांना सांगितलंय, पण ते खरं नाही.

९

ऑगस्टमध्ये कचेरीच्या कामाने मला खेडला जावं लागलं. मामलेदार कचेरीत मी शकूची चौकशी केली. ती मागच्या खोलीत टंकयंत्रावर होती. जुनी कागदपत्रं समोर ठेवून नकला करत होती. साहेबांसमोर बसून लिहून घ्यायचं काम तिने घेतलं नव्हतं. कानाला कमी ऐकू येतं असं सांगितलं होतं. मला पाहून ती उठून उभी राहिली. बरी दिसत होती. मंचरचं स्थळ मोडलं, असं तिने थोडं हसून सांगितलं.

मी बसलो नाही. इकडचं तिकडचं बोललो. मग मला राहवलं नाही.

“शकू, त्या दिवशी आपण बाहेर पडताना तू मागे वळून पाहिलंस का?”

तिने कागदांची चवड सारखी केली. सारखी होती तरी पुन्हा केली.

“व्हय,” ती म्हणाली. “दारातनं. एकदाच. समद्यांनी वर बघितलं हुतं. वाटंच्या दोन्ही अंगांनी माना वर. भ्यायलं न्हवतं कुणी. आपलं माणूस लई दिसांनी भेटावं तसं बघत हुते.”

“कुणाकडे?”

“तुमच्याकडं.”

बाहेर कुणीतरी घंटा दिली. तिने दाराकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. पोरीचा आवाज शांत होता; किती दिवस तिने हे मनात घोळवलं असेल कोण जाणे.

“तुमी तिथं मधी उभं हुता, सर. आन् माझा हात तर तुमच्या हातात हुता. तवापासनं इचारायचं हुतं. माझ्याबरोबर बाहीर आले, ते तुमीच ना?”

“हो,” मी म्हणालो. “मीच. दुसरं कोण?”

तिने ते ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तिने पट्टेवाल्या मारुतरावांना हाक मारली, त्यांना आत येऊन स्टुलावर बसायला सांगितलं, आणि मी निघून जाईपर्यंत त्यांना उठू दिलं नाही.